तीनशेची लाइन आणि हटून बसलेला ९४ : घरच्या इंटरनेटचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

दोन मजली घर, माणसे पाच. नवरा-बायको, घरूनच नोकरी करणारी थोरली मुलगी, कॉलेजात शिकणारा धाकटा मुलगा आणि आजोबा. फायबरची लाइन घेतलेली: डाउनलोड (घरात येणारा वेग) ३०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट, आणि अपलोड (घरातून बाहेर जाणारा) ३० एमबीपीएस. फायबर खालच्या हॉलमध्ये येऊन भिंतीवरच्या छोट्या बॉक्समध्ये संपते. तिथून हातभर लांबीची एक केबल राउटरला जाते. राउटर टीव्हीच्या कपाटात, दार लावलेला. भिंतीच्या आतून एक नेटवर्क केबल वरच्या अभ्यासाच्या खोलीत नेलेली होती आणि मुलाचा कॉम्प्युटर तिच्यावर चालायचा. बाकी सगळे वाय-फायवर.

मी घरगुती नेटवर्क लावून देण्याचे आणि बिघडले तर दुरुस्त करण्याचे काम करतो. घराची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणात खरी गोष्ट आकड्यांनीच सांगितली.

अडचण

तक्रार तीन महिने जुनी होती आणि प्रत्येकाची वेगळी होती. मुलगी म्हणत होती, रात्री परदेशातल्या टीमबरोबर मीटिंग असते तेव्हा तिचा आवाज तुटतो. आईच्या खोलीत व्हिडिओ मधेच थांबून गोल फिरत राहायचा. आजोबांच्या जुन्या फोनवर तर सगळेच हळू. आणि वडिलांचे म्हणणे एका वाक्यात: "तीनशेचे पैसे भरतो आणि अकरा मिळतात."

हे 'अकरा' कुठून आले? मुलाने कॉम्प्युटरवर मोठी फाइल उतरवायला लावली की खाली वेग दिसायचा, ११.५ एमबी प्रतिसेकंद. वडिलांनी तो आकडा तीनशेशी ताडून पाहिला. यातला पहिला गुंता एककांचा. लाइन विकली जाते मेगाबिटमध्ये, कॉम्प्युटर फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे तीनशेच्या लाइनवर फाइल उतरताना जास्तीत जास्त ३७.५ दिसणार. तीनशे कधीच दिसणार नाही.

बहुतेक जण इथवर येऊन थांबतात. "अहो, तुमचा हिशेब चुकतोय, एककं वेगळी आहेत," असे सांगून ग्राहकाला परत पाठवले जाते. कंपनीच्या मदत केंद्रानेही तेच सांगितले होते, शिवाय 'आमच्या बाजूने लाइन ठीक आहे' हेही. पण गुणाकार पुरता करून पाहा. ११.५ गुणिले ८ म्हणजे ९२. तीनशे नाहीच. एककांचा घोळ खरा होता आणि तक्रारही खरी होती. एकीचे उत्तर मिळाले म्हणून दुसरी खोटी ठरत नाही, आणि या घराचे तीन महिने नेमके याच चुकीत गेले.

वडिलांनी मात्र एक काम उत्तम केले होते. मुलाच्या कॉम्प्युटरवर रोज स्पीड टेस्ट घेऊन वहीत लिहिले होते. अकरा नोंदी. सकाळी ७ ला ९४, दुपारी ९३, रात्री ९ ला ९४, रविवारी पहाटे ९४. मी ती वही उघडली आणि जिन्यावर उभा राहूनच पुन्हा वाचली.

वाय-फायचा वेग कधी एका जागी राहत नाही. माणूस दारात उभा राहिला तरी तो हलतो. परिसरातल्या गर्दीमुळे कमी होणारा वेग रात्री घसरतो आणि पहाटे वर येतो. पहाटे, दुपारी, रात्री तोच आकडा येत असेल तर तिथे कुठेतरी ठाम मर्यादा आहे. आणि ९४ हा तर या धंद्यातला ओळखीचा आकडा. इथरनेटची, म्हणजे तारेच्या नेटवर्कची, जोडणी १०० एमबीपीएसवर बसली की तारेवरून जाणाऱ्या दर १,५३८ बाइटमागे प्रत्यक्ष माहिती साधारण १,४४८ बाइट असते, उरलेली जागा पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली (माहिती अशा छोट्या पाकिटांतूनच जाते) मोकळी जागा खाते. शंभरातून उरतात ९४. म्हणजे बॉक्सपासून कॉम्प्युटरपर्यंत कुठेतरी एक सांधा शंभरवर अडकला होता.

समोर असलेले पर्याय

मी पोहोचलो तेव्हा घरात निर्णय जवळजवळ झालेला होता: १ जीबीपीएसची (हजार एमबीपीएसची) लाइन घ्यायची. मुलाचा तसा आग्रह होता आणि कंपनीच्या प्रतिनिधीनेही तेच सुचवले होते. दुसरा पर्याय कंपनी बदलण्याचा. तिसरा, घरभर मेश वाय-फायचा संच (एकमेकांशी बिनतारी बोलणारी वाय-फायची उपकरणे) बसवण्याचा. वरच्या मजल्यासाठी त्यांनी आधीच एक रिपीटर (राउटरचे वाय-फाय ऐकून पुढे पाठवणारे उपकरण) आणून जिन्यात लावला होता, आणि त्यानंतर आईच्या खोलीतली रेंजची दांडी पूर्ण दिसू लागली, पण वेग आणखी कमी झाला. हे त्यांना कोडे वाटत होते.

मी एकच विनंती केली: आज काहीच विकत घेऊ नका, आधी एकेक टप्पा वेगळा मोजू. शंभरवर अडकलेल्या सांध्यातून १ जीबीपीएसची लाइन गेली असती तरी वहीत ९४ च उमटले असते. कंपनी बदलली असती तरी तेच. दर महिन्याला जास्त पैसे आणि आकडा तोच, हे त्या कुटुंबाच्या वाट्याला येणार होते, म्हणून मी जरा आग्रहानेच थांबवले.

पहिली भेट: तार

राउटर बाजूला ठेवून माझा लॅपटॉप माझ्या केबलने थेट बॉक्सला जोडला. बॉक्स एकदा बंद करून चालू करावा लागला, कारण तो आधीच्या उपकरणाची ओळख धरून ठेवतो. तीन टेस्ट: ३०४, ३०१, ३०६. कंपनी खरे बोलत होती. लाइन दारापर्यंत पुरती येत होती.

मग राउटर परत जोडून त्याच्या मागच्या पोर्टला लॅपटॉप लावला: ९४. म्हणजे भिंतीतली लांब केबल, जिच्यावर सगळ्यांचा संशय होता, ती निर्दोष. अडचण तिच्याही अलीकडे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर इंटरनेट पोर्टपुढे स्पष्ट लिहिले होते: जोडणी १०० एमबीपीएस. राउटरचा पोर्ट गिगाबिटचा (१ जीबीपीएसचा), बॉक्सचाही गिगाबिटचा. मधे राहिली ती हातभर केबल.

ती काढून टॉर्चखाली धरली. टोकाचा प्लग पारदर्शक असतो, त्यामुळे आतल्या आठ तारा रंगाने मोजता येतात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी या सगळ्या पुढच्या सोनेरी पट्ट्यांपर्यंत पोहोचलेल्या. आठवी, तपकिरी, दोन-अडीच मिलिमीटर मागेच थांबलेली. क्रिंप करताना, म्हणजे प्लग तारांवर दाबून बसवताना, ती सरकली असावी. तिच्यावरची पट्टी नुसती प्लास्टिकवर दाबली गेली होती.

१०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी जोडी तुटली तर जोडणी बंद पडत नाही. दोन्ही बाजूची उपकरणे गुपचूप शंभरवर उतरतात आणि दिवा हिरवाच राहतो. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. पूर्ण तुटली असती तर त्याच दिवशी बदलली गेली असती.

माझ्या पिशवीतली केबल लावली. राउटरच्या पोर्टला ३०२, वरच्या अभ्यासाच्या खोलीत ३०१. मुलाने त्याची फाइल उतरवून पाहिली तर ३६ एमबी प्रतिसेकंद. वडिलांनी स्वतः आठने गुणून पाहिले.

तीच भेट: वाय-फाय

आईच्या खोलीत वेग तरीही २२ एमबीपीएस. याची कारणे वेगळी होती, आणि एक नव्हते.

राउटर कपाटात, दारामागे, शेजारी टीव्हीचा धातूचा मागचा भाग. तिथून जेमतेम निघालेली लहर एक स्लॅब आणि दोन भिंती ओलांडून वर जाणार. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीत लवकर विरते, म्हणून फोन आपसूक २.४ वर उतरायचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. राउटर चॅनेल ३ वर होता, म्हणजे १ वरच्या आणि ६ वरच्या अशा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी त्याची टक्कर. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मी चौदा नेटवर्क मोजली.

आणि तो रिपीटर. तो एकाच पट्ट्यावर चालणारा होता. त्याला राउटरचे बोलणे ऐकायचे आणि तेच पुन्हा फोनला सांगायचे, दोन्ही त्याच हवेत, त्याच चॅनेलवर. एकेक पाकीट दोनदा हवेतून जाते, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. फोनवरच्या रेंजच्या कांड्या दाखवतात ती रिपीटरकडून येणाऱ्या लहरीची ताकद. रिपीटरला मागे किती मिळते हे त्या कांड्यांना माहीत नसते. रेंज पूर्ण आणि वेग कमी, हे कोडे इतकेच होते.

इथे निर्णयाची दुसरी जागा आली. मेश संच घेता आला असता, आणि तार नसलेल्या घरात मी तोच सुचवतो. पण या घरात वरपर्यंत चांगली केबल आधीच पोहोचलेली होती. जिथे तार जाते तिथे हवेवर ओझे कशाला टाकायचे? अभ्यासाच्या खोलीत एक छोटा स्विच (एका केबलला अनेक फाटे देणारा डबा) लावून कॉम्प्युटर त्यावर घेतला आणि शेजारी तारेने जोडलेला अ‍ॅक्सेस पॉइंट (तारेवरून आलेले इंटरनेट वाय-फायने देणारे उपकरण) बसवला. नेटवर्कचे नाव तेच, चॅनेल वेगळा. प्रक्षेपणाची ताकद मुद्दाम एक पायरी कमी ठेवली, नाहीतर खालच्या मजल्यावरचे फोनही वरच्यालाच चिकटून बसतात. खालचा राउटर कपाटाबाहेर उघड्या फळीवर आला, चॅनेल १ वर. रिपीटर काढला.

आईच्या खोलीत फोनवर २३५ ते २५०. हॉलमध्ये २८० च्या आसपास. आजोबांच्या फोनवर ४२, आणि त्याहून वर जाणार नाही. तो फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, एकाच अँटेनाने चालतो. त्याची कागदावरची कमाल ७२ एमबीपीएस आणि वाय-फायमध्ये कागदावरच्या वेगापैकी साधारण अर्धा-पाऊणच हाती लागतो, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचे असते. हे मी आजोबांना फोन हातात घेऊन समजावले. त्यांना लागतो तो व्हिडिओ ५ एमबीपीएसमध्ये सुरेख चालतो. त्यांची अडचण रेंजची होती, आणि ती सुटली होती.

दहा दिवसांनी: मीटिंग अजून तुटतेच

मुलीचा फोन आला. टेस्ट लावली तर २७० दाखवते, पण रात्री नऊनंतर आवाज तुटतोच.

इथे मी चुकलो. फायबरच्या एका शाखेवर २.५ जीबीपीएसच्या आसपास क्षमता असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, रात्री सगळे एकदम बसतात, तेव्हा ही परिसरातली गर्दी असणार, असे मी फोनवरच सांगून टाकले. आठवडाभर दर तासाला तारेवर टेस्ट लिहून ठेवायला सांगितले, म्हणजे कंपनीकडे लेखी पुरावा जाईल. नोंदी आल्या. रात्री ९ ते १० मध्ये वेग २१० पर्यंत उतरत होता. गर्दी होती हे खरे. पण व्हिडिओ मीटिंगला जेमतेम ३-४ एमबीपीएस लागतात. २१० शिल्लक असताना आवाज का तुटावा? माझे कारण त्या तक्रारीला पुरत नव्हते, आणि मला ते स्वतःशी मान्य करायला आठवडा लागला.

दुसऱ्या भेटीला मी रात्री गेलो, मीटिंगच्या वेळी. मुलीच्या शेजारी बसून पिंग (एक पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) चालू ठेवला. १८ मिलिसेकंद, १९, १८. नऊ वाजून दहा मिनिटांनी ४१०, मग ५८०, मग ६००. तिकडे स्क्रीनवर तिचा चेहरा गोठला. डाउनलोडचा आलेख सपाट होता. अपलोडचा आलेख ३० ला टेकलेला.

आई-वडील जेवण आटोपून फोन चार्जिंगला लावतात आणि चार्जिंग व वाय-फाय दोन्ही मिळाले की दोन्ही फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतात. त्यात काही वावगे नाही. पण ३० च्या अपलोडवर दोन फोन पूर्ण ताकदीने चढवू लागले की पाकिटांची रांग लागते, आणि उपकरणे ती टाकून न देता साठवत राहतात. ३० एमबीपीएसवर ६०० मिलिसेकंदांची रांग म्हणजे सव्वादोन मेगाबाइट माहिती पुढे उभी. मुलीच्या आवाजाचे इवलेसे पाकीट या रांगेच्या शेपटाला उभे राहायचे आणि अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिराने निघायचे. वाहिनी रुंद असून उपयोग नाही, पुढे ट्रक उभे असतील तर सायकललाही थांबावेच लागते. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. साधी स्पीड टेस्ट मोकळ्या वेळी घेतली तर तो दिसतच नाही.

राउटरमध्ये रांगेचे नियंत्रण करणारी सोय होती. आधी ती दोन्ही दिशांना लावली तर डाउनलोड १८० वर आला, कारण प्रत्येक पाकीट तपासताना राउटरचा प्रोसेसर दमत होता. म्हणून फक्त अपलोडला लावली आणि मर्यादा २७ ठेवली, लाइनच्या थोडी खाली, म्हणजे रांग बॉक्समध्ये न लागता राउटरमध्ये लागेल आणि तिथे छोट्या पाकिटांना वाट मिळेल. दोन्ही फोन मुद्दाम फोटो चढवायला लावले आणि पुन्हा पिंग पाहिला: २६, ३१, २८. मुलगी तिकडे बोलत राहिली. तिने मधेच मान वळवून विचारले, "सुरू केलंत का?" फोन केव्हाचे चढवत होते.

निष्पत्ती

तारेवर दिवसा ३०० च्या पुढे-मागे, रात्री गर्दीच्या तासात २१० ते २३०. वरच्या मजल्यावर वाय-फायला २३५ च्या वर. मीटिंग गेल्या चार महिन्यांत तुटलेली नाही. १ जीबीपीएसचा विचार त्यांनी सोडला. आठवड्याच्या नोंदी कंपनीकडे पाठवल्या. उत्तर आले की करारात वेग 'पर्यंत' असा लिहिला आहे. रात्रीची घसरण तशीच आहे आणि त्यांनी ती पुढे लावून धरली नाही. २१० त्यांना पुरतात, हा त्यांचा निर्णय. मला वाटते, पुन्हा नोंदी ठेवून विचारायला हवे, कारण तीनशे सांगून तीस टक्क्यांपर्यंत वेग रोज ठरावीक वेळी गायब होत असेल तर ते ग्राहकाने मुकाट्याने सोसावे असे काही नाही.

वेगळे काय करता आले असते

कुटुंबाने रिपीटर आणण्याआधी वही दाखवायला हवी होती, आणि मदत केंद्रातल्या माणसाने ती मागायला हवी होती. अकरा वेळा तेच ९४ ऐकल्यावर फोनवरच सांगता आले असते की बॉक्स आणि राउटरमधली केबल बदलून पाहा. तीन महिने वाचले असते.

माझी मोठी चूक पहिल्या भेटीतली. मी फक्त डाउनलोड मोजला. मुलीची तक्रार तिच्या बोलण्याची होती. लोकांना तिचा आवाज पोहोचत नव्हता, म्हणजे माहिती घरातून बाहेर जाताना अडत होती. तिच्या शब्दांतच अपलोड होता आणि मी तो ऐकला नाही, कारण तोवर मला तपकिरी तार सापडल्याचा आनंद झाला होता. एक दोष सापडला की उरलेल्या तक्रारी त्याच्याच खात्यावर टाकाव्याशा वाटतात. आता मी पहिल्याच भेटीत अपलोड पूर्ण भरून ठेवतो आणि त्या वेळी पिंग बघतो. दोन मिनिटे लागतात.

राउटर कपाटाबाहेर काढणे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे हे दोन्ही मी एकाच दुपारी केले, मधे मोजले नाही. नुसता राउटर बाहेर काढून आईच्या खोलीत किती मिळाले असते, हे आता कळायला मार्ग नाही. कदाचित त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंटची गरजच पडली नसती.

ती जुनी केबल मुलाने ठेवून घेतली आहे. नवा प्लग क्रिंप करायला तो शिकतोय, दोनदा तपकिरी तार मागे राहिली, तिसऱ्यांदा बसली.